मामंजी, कोंबड्या आणि सोडा

कोंबडीला घाम येत नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलं आहे की एकदा लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने ते केकवर लिहून आणलं होतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. घाम येत नाही म्हणून कोंबडी उन्हाळ्यात चोच उघडून धापा टाकते. धापा टाकता टाकता अंगातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकते, आणि तो गेला की अंड्याचं टरफल बनवायला लागणारा माल रक्तात कमी पडतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग अंडं इतकं पातळ निघतं की उचलायला जावं तर बोट आत. माझी सगळी कारकीर्द या पातळ टरफलावर उभी आहे, आणि ती अजून कशी फुटली नाही याचं मलाच नवल वाटतं.

मी पशुवैद्य. माझ्याबरोबर शिकलेल्यांनी घोडे धरले, कुत्री-मांजरं धरली, एकाने तर प्राणिसंग्रहालयातला पाणघोडा धरला. मी कोंबडी धरली. माहेरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढं शिकून कोंबड्याच?" मी म्हटलं, "एवढं शिकले म्हणूनच." तेव्हापासून मी कोंबडीचं रक्त, कोंबडीचा श्वास आणि कोंबडीचा ताप मोजत आले आहे. नवरा दातांचा डॉक्टर. कोंबडीला दात नसल्यामुळे आम्ही एकमेकांच्या कामात नाक खुपसत नाही आणि आमचं छान चाललं आहे.

तर यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर संस्थेच्या संचालकांनी मला बोलावलं. ते नेहमी वाईट बातमी सांगायच्या आधी पेनाचं टोपण उघडतात आणि बंद करतात. त्या दिवशी टोपण थांबेचना.

"डॉक्टर मॅडम, तुमच्या शेडच्या जागी पाहुण्यांसाठी विश्रामगृह बांधायचं घाटतंय."

"आणि कोंबड्या?"

"त्यांचं काय, त्यांना गिऱ्हाईक आहेच की."

कसलं गिऱ्हाईक ते मला कळलं. त्या शेडमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली होती. तिथल्या एकेका पिंजऱ्याची कडी कुठे अडते ते मला अंधारात सांगता येतं. मला रडू येत होतं, म्हणून मी भांडले. भांडण इतकं रंगलं की बाहेरचा शिपाई दोनदा पाणी घेऊन आत आला. शेवटी संचालक म्हणाले, "उन्हाळ्याच्या शेवटी समिती येणार आहे. तिला काहीतरी ठोस दाखवा. दाखवलंत तर शेड राहील, नाही तर मला दोष देऊ नका."

ठोस काय दाखवायचं ते माझ्या डोक्यात कधीचं घोळत होतं. जो वायू धापांबरोबर बाहेर जातो, तोच पाण्यातून परत दिला तर? म्हणजे सोडा. साधा, बुडबुड्यांचा, दुकानात मिळतो तो. ही युक्ती काही एकट्या माझीच नव्हे, आधीही लोकांनी करून पाहिली होती. पण आमच्या कोंबड्यांवर, आमच्या पत्र्याच्या भट्टीत, अख्खा उन्हाळा कोणी करून पाहिली नव्हती. सोडा बनवायचं एक यंत्र शेडमध्ये आणून मी दोन रांगा मांडल्या. उजव्या रांगेला गार सोडा, डाव्या रांगेला साधं पाणी. बाकी खाद्य एक, जात एक, वय एक. उजव्या रांगेची टरफलं जाड आली आणि डावीची पातळच राहिली, की झालं माझं काम.

पहिल्या दिवशी उजव्या रांगेतल्या एका पांढरीने सोड्यात चोच बुडवली, मान झटकली आणि तिची कोणी थट्टा केल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा एक घोट. मग शेजारणीला ढकलून आणखी एक. दुपारपर्यंत उजवी रांग भांड्यावर अशी तुटून पडली होती की मी एकटीच शेडमध्ये खो खो हसत बसले.

अडचण एकच होती. सोड्यातला वायू उडून जातो, त्यामुळे दिवसभर थोडा थोडा ताजा ओतत राहावा लागतो. मला प्रयोगशाळेत अंडी मोजायची होती आणि संस्थेने माणूस द्यायला नकार दिला होता. ही रड मी घरी जेवताना गायले, आणि सासूबाईंचे डोळे लकाकले.

"यांना ने ना," त्या मामंजींकडे बोट दाखवून म्हणाल्या.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, निवृत्त न्यायाधीश. निवृत्त झाले खरे, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. घरात नळ कोणी उघडा ठेवला, जिन्यातला दिवा कोणी फोडला, सगळ्याची सुनावणी होते. निकाल लेखी मिळतो. अपील करता येतं, पण ते त्यांच्याकडेच करावं लागतं. आदल्याच दिवशी त्यांनी दुधाच्या उतू जाण्याच्या प्रकरणात सासूबाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात साक्षीला उभं केलं होतं.

"मी आनंदाने येईन," मामंजी म्हणाले. "काम काय?"

"ओतायचं," मी म्हटलं. "उजवीकडे सोडा, डावीकडे पाणी. बस."

"सोपं आहे," ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मामंजी इस्त्रीचा सदरा घालून, चाकांची मोठी बॅग ओढत माझ्याबरोबर यायला लागले. बॅगेत कायद्याची पुस्तकं आहेत, मधल्या वेळात वाचतो, असं त्यांनी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन रांगांना वादी आणि प्रतिवादी अशी नावं दिली. डाव्या रांगेत एक तपकिरी कोंबडी होती, ती मान वाकडी करून एका डोळ्याने टक लावून बघायची. तिचं नाव पडलं तक्रारदार. मी म्हटलं, कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, तिला नीट बघायचं तर मान वाकडी करावीच लागते. "असेल," मामंजी म्हणाले, "पण बघते ती माझ्याकडेच."

दुसऱ्या आठवड्यात टरफलांत फरक दिसायला लागला. आमच्याकडे अंडं दाबून फोडायचं एक यंत्र आहे. किती जोर लागला ते त्याचा काटा सांगतो. उजव्या रांगेच्या अंड्यांना काटा चढत चढत जायचा आणि मग कुठे टच्च आवाज यायचा. डाव्या रांगेची अंडी यंत्र टेकतं न टेकतं तोच मान टाकायची. त्या संध्याकाळी घरी येऊन मी सासूबाईंना कमरेला धरून स्वयंपाकघरात गरगर फिरवलं. त्यांच्या हातातला झारा नवऱ्याच्या चष्म्याला लागला. मोजलेलं अंडं फुटतंच, तेव्हा ते आमच्याच घरी यायचं, भुर्जी करून, तळून, फेटून आम्ही ती अंडी इतकी खाल्ली की नवरा म्हणाला, "आता मला पिसं फुटतील." फुटू देत, मी म्हटलं, मग तुझंही रक्त तपासते. माझा आनंद पोटात मावत नव्हता.

आणि मग डावी रांग सुधारायला लागली.

आधी मला वाटलं, अंडी फोडायचं यंत्र बिघडलं. यंत्र उघडलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग वाटलं, ऊन उतरलं असेल. उष्णतामापक बघितला तर तो माझ्याकडे बघून हसत असावा इतका वर. खाद्याची पोती उपसली. डाव्या रांगेचं पाणी चाखून बघितलं. ते अगदी साधं पाणी होतं, कारण मी बघायला जायची तेव्हा भांड्यात तेच असायचं. रोज टरफलं जाड, आणखी जाड, आणि एके दिवशी दोन्ही रांगा बरोबरीला आल्या. वादी-प्रतिवादी गळ्यात गळे घालून उभे.

याचा अर्थ एकच होता. कोंबड्यांना उन्हाची सवय झाली होती आणि सोड्याने काहीच होत नव्हतं. समिती यायला फार दिवस उरले नव्हते. मी सोफ्यावर पालथी पडून उशीत तोंड खुपसलं आणि रडले. मामंजी शेजारी येऊन बसले, दोनदा खाकरले आणि उठून गेले. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटलं असेल. वाटलंच होतं म्हणा, पण ते वेगळं.

रविवारी दुपारी सासूबाईंनी मामंजींचं पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. थोड्या वेळाने त्या जेवणाच्या टेबलाशी आल्या आणि एकेक करून सोड्याच्या रिकाम्या बाटल्या टेबलावर मांडायला लागल्या. मांडता मांडता टेबल भरलं. मग त्या खुर्च्यांवर ठेवायला लागल्या.

"कायद्याच्या पुस्तकांमागे होत्या," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थंड होता. "अहो, हे काय आहे?"

"सोडा," मामंजी म्हणाले.

"सोडा दिसतोय मला. त्यात काय घालून पिता ते विचारतेय."

नवऱ्याचा चेहरा पडला. "बाबा, या वयात?"

"प्रश्न संदिग्ध आहे," मामंजी म्हणाले. "नीट विचारा."

"दारू पिता का?" सासूबाईंनी नीट विचारलं.

"नाही."

"मग एवढा सोडा कोण पितं?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे. मग ते उभे राहिले, आयुष्यभर लोक त्यांच्यासमोर राहायचे तसे.

"डावी रांग," ते म्हणाले.

मला ते दोन शब्द कळायला जरा वेळच लागला.

"कोणती डावी रांग?"

"तुझी. साध्या पाण्याची. सूनबाई, त्या बघत होत्या गं. समोरच्या सगळ्या गार सोडा पितायत आणि यांच्या वाट्याला कोमट पाणी. यांचा अपराध काय, तर पिंजरा डावीकडे आहे. असा निकाल मी उभ्या जन्मात दिला नाही. ती तक्रारदार तर... असो. तुझ्या सोड्याच्या यंत्रातला गॅस जास्त संपला तर तुला कळेल, म्हणून दुकानातून आणत होतो. बॅगेतून. तू प्रयोगशाळेत गेलीस की ओतायचो आणि तू यायच्या आत भांडी बदलायचो."

"आणि बाटल्या कशाला ठेवल्या जपून?" नवऱ्याने विचारलं.

"पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे," मामंजी म्हणाले.

संतापाने माझी कानशिलं तापली. मी ओरडायला लागले. प्रयोग म्हणजे काय, तुलना म्हणजे काय, माझी शेड, माझ्या कोंबड्या, माझं नाव, सगळं सगळं मी ओरडले. मामंजी मान खाली घालून ऐकत होते. मी म्हणत होते, "तुम्ही सोडा पाजलात, मग त्यांची टरफलं जाड होणारच ना, त्यात नवल काय," आणि ते बोलता बोलताच माझी जीभ जागच्या जागी थांबली.

टरफलं जाड होणारच ना.

मी धावत जाऊन आलेख घेऊन आले आणि बाटल्या बाजूला सारून तो टेबलावर पसरला. "मामंजी, कधीपासून पाजताय?"

त्यांनी वारासकट तारीख सांगितली. न्यायाधीशाला तारखा पाठ असतात. त्यानंतर चौथ्या दिवसापासून डाव्या रांगेची रेघ वर चढत गेली होती. अगदी घाट चढल्यासारखी. कोंबड्यांना उन्हाची सवयबिवय काही झाली नव्हती. त्यांना सोडा झाला होता.

मी हसायला लागले आणि मला थांबताच येईना. नवराही हसायला लागला, मग मामंजी, आधी चोरून आणि मग उघड. टेबल हलायला लागलं आणि बाटल्या एकमेकींवर किणकिणायला लागल्या.

"म्हणजे दारू नाही?" सासूबाईंनी पुन्हा विचारलं.

"नाही हो आई," मी म्हटलं.

"मग एवढा आरडाओरडा कशाला?" त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पण सासऱ्याच्या कबुलीवर कोणती समिती विश्वास ठेवणार? चहा पिता पिता मी ठरवलं. रांगा उलटवायच्या. डावीला उघडपणे सोडा, उजवीला साधं पाणी. मामंजी खरं बोलत असतील आणि मीही खरी असेन, तर आता उजवीची टरफलं पातळ व्हायला हवीत.

"उजवीचं काढून डावीला?" मामंजी अस्वस्थ झाले.

"पाळी आहे ही. आधी त्यांची झाली, आता यांची."

त्यांनी बराच विचार केला. "पाळी असेल तर हरकत नाही," ते म्हणाले. "पण ओतणार मीच. आणि बॅग घरी राहील."

पुढचे दिवस आमच्या घराइतकं उन्हावर प्रेम कोणी केलं नसेल. सगळं गाव गारवा मागत होतं आणि आम्ही खिडकीत उभे राहून ढगांना दटावत होतो. एका दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. शेजारीणबाई म्हणाल्या, "बरं वाटलं ना जरा?" त्यावर नवरा त्यांना एवढं तुटक "नाही" म्हणाला, की त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. ढग गेले. ऊन पुन्हा तापलं. उजव्या रांगेची अंडी एकेक करून नांगी टाकायला लागली, आणि प्रत्येक फुटक्या अंड्याबरोबर मी प्रयोगशाळेत एक गिरकी घ्यायची. मामंजी संध्याकाळी घरी येऊन पुस्तक न उघडता बसायचे. "आज उजव्या बघत होत्या," एवढंच म्हणायचे.

समिती आली ती भर दुपारी. अध्यक्ष उंच, पांढराशुभ्र सूट घातलेले, बोटात मोठी अंगठी. संचालक त्यांच्या मागे टोपण उघडत-मिटत. मी पहिल्यांदा खरं ते सांगून टाकलं: मधले काही आठवडे डाव्या रांगेला चोरून सोडा मिळत होता आणि पाजणारे माझे सासरे आहेत. संचालकांचं टोपण खाली पडलं.

मामंजी पुढे आले. "कबूल आहे," ते म्हणाले, आणि सगळी हकिगत तारीखवार सांगितली.

"पण का केलंत असं?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्या बघत होत्या."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, याला संशोधन म्हणायचं की घरगुती भांडण?"

"माझं ऐकूच नका," मी म्हटलं. "आज सकाळची अंडी आहेत. हे डावीकडचं. मुठीत धरा आणि दाबा."

त्यांनी दाबलं. अंडं ढिम्म. आणखी दाबलं, इतकं की त्यांचे कान लाल झाले. अंडं ढिम्मच. त्यांनी ते संचालकांना दिलं. संचालकांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि परत केलं.

"आणि हे उजवीकडचं."

त्यांनी तेवढ्याच जोराने मूठ आवळली. बलक अंगठीवरून मनगटावर आला आणि मनगटावरून सरळ पांढऱ्या बाहीत शिरला. त्या बाहीइतकं सुंदर कापड मी आजवर पाहिलं नाही. मला नाचावंसं वाटत होतं. मी त्यांना रुमाल दिला, पण त्यांचं बाहीकडे लक्षच नव्हतं. ते उजव्या रांगेकडे बघत होते. चोची उघड्या, धापा चाललेल्या, माना वाकड्या, आणि रांगेतला एकेक डोळा त्यांच्यावर लागलेला.

"या अशा का बघतायत?"

"त्यांचा सोडा बंद आहे," मी म्हटलं. "उद्या सकाळची अंडी उचलेपर्यंत."

"उद्या?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, पण बिचाऱ्या..." आणि त्यांनी शेजारचा सोड्याचा जग उचलला.

मी ओरडणार तोच मामंजी मध्ये आले. त्यांनी जगाच्या तोंडावर हात ठेवला.

"साहेब, उद्या," ते म्हणाले. "पाणी आहे त्यांच्यापुढे. सोडा उद्या. काम चालू असताना मध्ये हात घालायचा नसतो. मी घातला होता." उजव्या रांगेकडे त्यांनी पाठ केली होती.

अध्यक्षांनी जग खाली ठेवला. बराच वेळ त्यांनी रुमालाने बोटं पुसली. मग संचालकांना म्हणाले, "विश्रामगृह दुसरीकडे बांधा. इथे काम चाललंय." आणि सगळे बाहेर पडले.

मी पिंजऱ्याला धरून उभी राहिले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मामंजी अजून तसेच, जगावर हात, रांगेकडे पाठ.

"सूनबाई, गेले का ते?"

"गेले. शेड राहिली, मामंजी."

"ऐकलं मी. आता मला हाताला धरून बाहेर ने. मागे वळलो तर ओतेन."

मी त्यांचा हात धरला. आमच्या मागे अख्खी उजवी रांग कॉक कॉक करत होती, आणि आम्ही दोघं समोर बघत दारापर्यंत चालत गेलो.